फिटचं औषध चालत जाण्याच्या अंतरावर हवं

ठाणे जिल्ह्यात फिट येणाऱ्या मुलांसाठी नवं मोठं रुग्णालय बांधा, अशी मागणी मी करत नाही. माझी मागणी बरीच लहान आहे. एकदा निदान झालं की त्या मुलाचं औषध, त्याच्या वजनाला पुरेल एवढं, दर महिन्याला, फुकट, घरापासून चालत जाता येईल अशा सरकारी दवाखान्यात मिळालं पाहिजे. दिव्याला मिळालं पाहिजे, मुंब्र्याला, दिघ्याला, तुर्भे स्टोअरला, येऊरच्या पाड्यांवर आणि शहापूर-मुरबाडच्या उपकेंद्रांतही मिळालं पाहिजे. दोन-तीन वर्षं सलग, एकही महिना न चुकता. सगळं घोडं या 'न चुकता'पाशी अडलेलं आहे.

वरवर पाहिलं तर ठाण्याला या बाबतीत काही कमी नाही. घोडबंदर रोडला, वाशी-नेरुळला मोठमोठी खाजगी रुग्णालयं आहेत. खिशात पैसे असतील तर मेंदूविकारतज्ज्ञ, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी), एमआरआय हे सगळं आठवड्याभरात उरकतं. पैसे नसतील तर लोकलने परळचं वाडिया, केईएम किंवा शीवचं रुग्णालय गाठता येतं. म्हणूनच मुलांना फिटचे उपचार मिळत नाहीत असं कुणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आफ्रिकेतलं एखादं दूरचं खेडं येतं, आपल्या जिल्ह्यातला पाडा येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार, म्हणजेच फिटचा आजार, आहे आणि त्यातले जवळजवळ ८० टक्के अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. भारतातल्या रुग्णांची संख्या १ कोटीच्या आसपास धरली जाते. नीट निदान झालं आणि औषध मिळालं तर १०० पैकी ७० जणांच्या फिट थांबू शकतात. तरी गरीब देशांत चारातल्या तिघांपर्यंत उपचार पोचत नाहीत. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या एका आढाव्याने ही तूट देशांच्या उत्पन्नानुसार मांडली होती. अनेक श्रीमंत देशांत उपचारांवाचून राहिलेले रुग्ण १० टक्क्यांहून कमी, तर आपल्यासारख्या मधल्या उत्पन्नाच्या बहुतेक देशांत निम्म्याहून जास्त. पण देशाचा आकडा देशभर सारखा पसरलेला नसतो. ठाणे स्टेशनच्या आसपास पहिल्या प्रकारचा देश भेटतो, आणि त्याच रेल्वेमार्गाने दिवा मागे टाकून कसाऱ्याकडे सरकत गेलं की दुसऱ्या प्रकारचा.

फिटचा उपचार म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे ज्याच्या घरात असं मूल नाही त्याला सहसा ठाऊक नसतं. ऑपरेशन लागणारी मुलं थोडी. बाकीच्यांचा उपचार म्हणजे सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी एक सिरप किंवा गोळी. फिट थांबल्यावरही साधारण दोन वर्षं ती चालू ठेवायची आणि मग डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची. मधेच एकदम बंद केली तर फिट परत येतात. कधी कधी तर अशा येतात की एक ओसरायच्या आत दुसरी सुरू होते आणि मूल मधे शुद्धीवरच येत नाही. अशा अवस्थेत अतिदक्षता विभागात आलेल्या मुलांच्या कागदांत 'औषध बंद झालं होतं' ही नोंद जगभरातल्या डॉक्टरांना वारंवार दिसते.

मोठ्या माणसाचा डोस निदान बराच काळ तोच राहतो. मुलाचा डोस त्याच्या वजनावर ठरतो, आणि मूल वाढत असतं. दहा किलोचं बाळ वर्ष-दीड वर्षात तेरा किलोचं झालं की गेल्या वर्षी पुरणारं पाच मिली आता पुरत नाही. फिट पुन्हा डोकावते. घरच्यांना वाटतं औषध लागू पडेनासं झालं, बदलायला हवं. खरं तर ते नुसतं कमी पडत असतं. मग चमच्याचा घोळ. सिरपच्या बाटलीबरोबर आलेलं मापाचं झाकण हरवतं आणि त्याची जागा चहाचा चमचा घेतो, पण घरातले दोन चमचे एका मापाचे असतीलच असं नाही. मेडिकलवाला एका कंपनीची बाटली संपली म्हणून दुसऱ्या कंपनीची देतो, आणि दोन बाटल्यांतल्या पाच-पाच मिलीमध्ये औषध वेगवेगळं असू शकतं. फेनिटॉइनसारख्या औषधाची बाटली न हलवता ओतली तर सुरुवातीचे दिवस वरचं पातळ औषध पोटात जातं आणि शेवटी तळाशी बसलेलं दाट. म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला फिट आणि महिनाअखेरीला गुंगी. आईने एकही वेळ चुकवलेली नसते, तरी असं होतं.

हे सगळं पाहायला मेंदूविकारतज्ज्ञ लागत नाही. वजनकाटा लागतो, बाटली हातात घेऊन तिच्यावरचं वाचणारं माणूस लागतं आणि महिन्यातून एक भेट लागते. वजनकाटा तर आपल्याकडे पाड्यापाड्यावर आहे. अंगणवाडीत सहा वर्षांखालच्या मुलांचं वजन दर महिन्याला होतं, ते पोषणाच्या नोंदीत चढतं. त्याच आकड्यावरून फिटच्या औषधाचा डोस वाढवायची वेळ झाली की नाही हे कळू शकतं. आज तो आकडा गावात पडून असतो आणि डोस ठरवणारे डॉक्टर परळला. या दोघांची गाठ घालणं हे या सगळ्या प्रश्नातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आता अंतराकडे येऊ. मुरबाडच्या आतल्या गावातून आधी एसटीने कल्याण, तिथून लोकलने दादर किंवा परळ, मग केस पेपरची रांग, डॉक्टरची रांग, औषधाच्या खिडकीची रांग. कसाऱ्याहून नुसता लोकलचा प्रवास एका बाजूने अडीच तासांच्या आसपास. बरोबर अंगावर पिणारं दुसरं लेकरू. बापाचा त्या दिवशी खाडा. दिव्याहून निघणाऱ्या बाईला अंतर कमी आहे, पण सकाळच्या गाडीत मूल कडेवर घेऊन चढणं काय असतं हे दिव्यातल्या कुणालाही विचारावं. ती चार घरची धुणीभांडी करत असेल तर दर महिन्याला आणखी एक सुट्टी मागताना काम जायची धास्ती असते. खिडकीवर औषध फुकट मिळालं तरी बुडालेली मजुरी, भाडं आणि दोन घास खाणं यांची बेरीज औषधाच्या किमतीच्या कितीतरी वर जाते. सुरुवातीचे काही महिने ती नेमाने जाते. फिट थांबतात. मग पावसात गाड्या बंद पडतात, किंवा गावाला लग्न निघतं, आणि एक खेप चुकते. मूल तर चांगलं खेळतंय, मग पुढच्या खेपेला जाऊ असं घरात ठरतं. औषध सुटतं ते असं. याला पालकांचा निष्काळजीपणा म्हटलं जातं तेव्हा मला मनापासून राग येतो. परळला दर महिन्याला पोचणं ही आपण घातलेली अट आहे. आजाराची ती गरज नाही.

शहापूर, जव्हार, मोखाडा या भागांतली कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर जगायला बाहेर पडतात. उचल घेतलेली असते, भिवंडी-कल्याण-पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर मुक्काम पडतो आणि पावसाच्या तोंडाशी परतणं होतं. या मुलांचं औषध गावच्या उपकेंद्रात जरी आलं तरी वर्षातले सहा-सात महिने ते घ्यायला मूल तिथे नसतं. त्यात ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका, शिवाय नगरपालिका आणि जिल्हा परिषद. विटावा ठाणे महापालिकेत, त्याला खेटून असलेला दिघा नवी मुंबईत. भाड्याची खोली बदलली की मुलाचा दवाखाना बदलतो, आणि नवा दवाखाना 'हा आमचा पेशंट नाही' असं म्हणू शकतो. म्हणून औषधाचा हक्क पत्त्याला जोडलेला नको, मुलाच्या हातातल्या कार्डाला जोडलेला हवा. टीबीच्या बाबतीत आपण हे करून दाखवलं आहे. २०१२ पासून 'निक्षय' या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत रुग्णाची नोंद होते आणि तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला तरी त्याची नोंद आणि उपचार तिकडे वर्ग करता येतात. महिनोन्महिने औषध चालू ठेवण्याची यंत्रणा कशी उभारायची हे आपल्या आरोग्य खात्याला शिकवावं लागणार नाही. ते ज्ञान फिटच्या मुलांसाठी वापरायचं आहे, एवढंच.

पैशांचं कारण इथे टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने फिटचं मूलभूत औषध माणशी वर्षाला ५ डॉलर इतक्या कमी खर्चातही देता येऊ शकतं. आपले चार-साडेचारशे रुपये झाले. फेनोबार्बिटोन १९१२ पासून फिटसाठी वापरात आहे. सोडियम व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटाम ही औषधं आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, जनऔषधी दुकानांतही असतात. आफ्रिकेतल्या कित्येक देशांची अडचण आपल्याहून फार वेगळी आहे. झांबियात औषध दुकानांची पाहणी झाली तेव्हा जवळजवळ निम्म्या दुकानांत फिटचं एकही औषध नव्हतं आणि मुलांचं सिरप तर कुठेच मिळालं नाही. फेनोबार्बिटोन १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रित औषधांत मोडतं, त्यामुळे ते बाहेरून मागवणाऱ्या लहान देशाला परवान्यांच्या फेऱ्यांत अडकावं लागतं. भारत ही औषधं स्वतः बनवतो आणि जगाला विकतो. जो देश दुसऱ्यांच्या मुलांना औषध पुरवतो, त्याच्याच मुरबाडमधल्या मुलाला ते तालुक्याच्या गावी मिळेल याची खात्री नसावी, याला गरिबी म्हणता येणार नाही. ही मांडणीतली चूक आहे.

ती चूक आपल्या विमा योजनांत उघड दिसते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत गेलं आहे. पण ही योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. औषध सुटलेलं मूल फिटवर फिट येऊन अतिदक्षता विभागात पोचलं, कृत्रिम श्वासावर गेलं, तर त्याचं बिल भरायला सरकारकडे रस्ता आहे. ते मूल तिथवर पोचूच नये म्हणून लागणाऱ्या महिन्याच्या बाटलीला तसा रस्ता नाही, कारण ती बाटली ओपीडीची. फिटचा आजार जवळजवळ सगळाच्या सगळा ओपीडीत बरा होतो किंवा बिघडतो. त्यामुळे भरतीभोवती आखलेली कितीही मोठी योजना या मुलांपर्यंत उशिराच पोचणार.

गंमत नव्हे, दुःख याचं वाटतं की कागदावर हे सगळं आधीपासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. म्हणजे देशातल्या मुलांच्या तपासणीचा हा कार्यक्रम आपल्याच मातीत जन्मला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. ज्या ३० दोष-आजारांसाठी ही तपासणी होते, त्या यादीत झटक्यांचे विकार आहेत. पुढे आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या वाढीव सेवांमध्येही मेंदूविकार आले आणि त्यात अपस्मार आला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अपस्मार आणि इतर मेंदूविकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर केला. त्यात अपस्माराच्या सेवांची व्याप्ती २०२१ च्या तुलनेत निम्म्याने वाढवायचं उद्दिष्ट आहे. यादी आहे, पथक आहे, उद्दिष्ट आहे. साखळी तुटते ती 'रेफर' या शब्दानंतर. पथक मूल शोधतं, मोठ्या रुग्णालयात पाठवतं, तिथे निदान होतं आणि पुढची दोन वर्षं ते मूल कुणाचंच नसतं.

घराजवळ औषध देणं ही माझी कल्पना नाही, आणि ती नवीही नाही. कर्नाटकातल्या यळंदूर इथे डॉ. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आधाराने फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन देऊन ग्रामीण रुग्णांच्या फिट आटोक्यात ठेवता येतात हे वर्षानुवर्षं काम करून दाखवलं. २००१ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. १९९८ साली त्याच नियतकालिकात पश्चिम बंगालच्या खेड्यांतल्या ९४ मुलांचा अभ्यास छापून आला. फेनोबार्बिटोनने मुलं चिडचिडी, बेताल होतात ही भीती श्रीमंत देशांत मोठी होती. या मुलांत फेनिटॉइनच्या तुलनेत तसं काही जास्त आढळलं नाही. ग्रामीण चीनमध्ये साध्या गावपातळीवरच्या डॉक्टरांनी प्रशिक्षण घेऊन सुमारे अडीच हजार रुग्णांना फेनोबार्बिटोनवर ठेवलं. वर्षभर औषध पूर्ण करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांच्या फिट निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाल्या. लुधियानात डॉ. गगनदीप सिंग यांच्या गटाने आरोग्यसेविका घरी पाठवून औषध देणं, गोळ्या मोजणं, घरच्यांशी बोलणं हे करून पाहिलं, आणि दवाखान्यात येणाऱ्यांपेक्षा या घरांत औषधाची नियमितता जास्त राहिली. उत्तर नायजेरियात, जिथे मुलांच्या मेंदूविकाराचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके, तिथे प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांकडून मुलांच्या फिटचे उपचार करण्याची मोठी चाचणी घेतली गेली. आपल्याच कर्नाटकाने २०२२ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेच्या साथीने प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांना मेंदूविकारांचं प्रशिक्षण देण्याचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्राला शेजारी जाऊन पाहायला अडचण नसावी.

याच्या विरोधात जे म्हटलं जातं त्यातलं काही रास्त आहे. सर्वांत वजनदार मुद्दा चुकीच्या निदानाचा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत १०० पैकी दोन ते पाच जणांना तापात झटके येतात. त्यातल्या बहुतेकांना वर्षानुवर्षांचं औषध लागत नाही. रडता रडता श्वास कोंडून निळी पडणारी बाळं असतात, चक्कर येऊन पडणाऱ्या वयात आलेल्या मुली असतात. अशा मुलांना घाईने फिटचं लेबल लावून औषध सुरू करणं हा अन्यायच. म्हणून निदान घराजवळच्या दवाखान्याने करावं असं मी म्हणत नाही. निदान तज्ज्ञाने करावं, औषध त्याने ठरवावं, आणि पुढचं पोचवणं, वजन पाहणं, विचारपूस करणं जवळच्या दवाखान्याने करावं. निदानालाही आता मूल परळला नेलंच पाहिजे असं नाही. फिटचं निदान मुख्यतः पाहणाऱ्याने केलेल्या वर्णनावर होतं आणि ईईजी त्याला जोड देतो. आज पाड्यावरच्या घरातही एक तरी स्मार्टफोन असतो. फिट येताना काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून तज्ज्ञाने पाहिला तर कित्येक फेऱ्या वाचतील. पहिल्या धक्क्यात फोन काढणं आईला क्रूर वाटतं. तिला ते आशाताईने आधीच समजावून सांगितलं पाहिजे.

एका आजाराच्या बाबतीत मात्र मूल त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात जायलाच हवं, आणि त्यासाठी जवळच्या माणसाचे डोळे तयार असायला हवेत. तीन महिने ते वर्षभराच्या बाळाला झोपेतून उठल्यावर एकामागून एक दचकल्यासारखे झटके येतात. मान खाली जाते, हात पुढे येतात, बाळ रडतं, पुन्हा तेच. घरचे म्हणतात पोटात कळ येतेय, दचकतंय, दृष्ट लागलीय. डॉक्टरही कधी कधी तेच म्हणतात. हे बाळ नंतर हसेनासं होतं, मान धरेनासं होतं. याला वेस्ट सिंड्रोम म्हणतात आणि उपचाराला जितका उशीर तितकं बुद्धीचं नुकसान जास्त. भारतातल्या रुग्णालयांच्या अनुभवात हा उशीर दिवसांचा नसतो, महिन्यांचा असतो. उपचारांत वापरलं जाणारं एक औषध, प्रेडनिसोलोन, कुठल्याही तालुक्याच्या मेडिकलमध्ये अगदी स्वस्तात मिळतं. बाळ मात्र तोवर पोचलेलं नसतं. लसीकरणाच्या दिवशी नर्सने आईला 'उठल्यावर असे झटके येतात का' हा एक प्रश्न विचारला तर त्यातली काही बाळं वेळेत सापडतील. ती बाळं सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला आणि पुढे नवव्या महिन्याला लसीसाठी आपल्या हातात येतातच.

औषधाच्या निवडीबद्दलचा आक्षेपही खरा आहे. मुलगी वयात येत असेल तर तिच्यासाठी व्हॅल्प्रोएट धोक्याचं, कारण पुढे गरोदरपणात बाळाला व्यंग आणि बुद्धीचे दोष होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये हे पुन्हा बजावलं. म्हणजे दवाखान्याच्या फळीवर एकच स्वस्त बाटली ठेवून भागणार नाही. दोन-तीन औषधं ठेवावी लागतील आणि बारा-तेरा वर्षांच्या प्रत्येक मुलीचं औषध तज्ज्ञाने पुन्हा तपासावं लागेल. शिवाय पाच मिनिटांहून जास्त चालणाऱ्या फिटसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा हवा. जिथून अँब्युलन्सला रुग्णालय गाठायला तास लागतो, तिथे तर तो आधी हवा. अशा ठिकाणी आजही कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते, हातात किल्ल्या दिल्या जातात, दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घातला जातो. मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि घड्याळ पाहायचं, एवढं प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असलं तर 'फिट आली तर जबाबदारी कुणाची' म्हणून मुलाला घरी बसवणाऱ्या शाळांचं निमित्तही संपेल.

मला सर्वांत अवघड वाटलेला आक्षेप वेगळाच आहे, आणि तो आयांकडून येतो. वस्तीतल्या दवाखान्यात औषध घ्यायला गेलं तर सगळ्यांना कळेल, पुढे मुलीचं लग्न जमणार नाही, म्हणून लांबचंच बरं. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच अपस्मार हा विवाहाच्या आड येणारा आजार होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो शब्द निघाला, तरी घराघरातून निघालेला नाही. ठाण्याचं नाव काढलं की अजून वेड्यांचं इस्पितळ आठवणारी पिढी जिवंत आहे. अशा समाजात फिटचं औषध मानसिक आरोग्याच्या वेगळ्या खिडकीवर, ठरलेल्या वारी दिलं, तर अर्ध्या आया येणार नाहीत. पण त्याच दवाखान्यात सकाळपासून शुगर, बीपी, टीबी, तापाचे लोक बसलेले असतात. त्यांच्यातच हे मूल बसलं, तीच खिडकी, तीच पिशवी, तर ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. देवऋषी नाहीतर भगताकडे लोक अडाणीपणाने जातात असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. तो रात्रीही दार उघडतो, ओळखीचा असतो आणि घाई न करता ऐकून घेतो. सरकारी दवाखान्याने त्याच्याशी बरोबरी करायची तर निदान जवळ तरी असावं.

शिबिरं हा यावरचा उपाय नाही. निवडणुकीच्या आगेमागे मैदानात मांडव पडतो, मेंदूविकारतज्ज्ञ येतात, शंभर मुलं तपासली जातात, महिन्याभराची औषधं वाटली जातात आणि फोटो छापून येतात. ज्या आजारात औषध एकदम बंद होणं हाच धोका आहे, त्यात महिन्याचं औषध देऊन पुढचं देवावर सोडणं म्हणजे मुलाला न दिलेल्या औषधापेक्षा जास्त संकटात टाकणं. शिबिरात सापडलेल्या मुलाचं पुढच्या दोन वर्षांचं औषध कोणत्या दवाखान्यातून जाणार हे लिहून दिल्याशिवाय अशा शिबिराला परवानगीच मिळू नये.

आशाताईंवर आणखी एक काम लादायचं का, हा प्रश्नही विचारायलाच हवा. लादायचं नाही. टीबीच्या रुग्णामागे त्यांना मोबदला मिळतो, तसा फिटच्या प्रत्येक मुलामागे, औषध न सुटता गेलेल्या प्रत्येक तिमाहीला मिळावा. 'आपला दवाखाना' या सरकारी योजनेतले आणि आरोग्यवर्धिनीतले डॉक्टर कंत्राटी आहेत, बदलत राहतात, हे खरं. म्हणूनच कार्ड मुलाच्या हातात हवं आणि त्यावर निदान, औषधाचं नाव, मिलीमधलं प्रमाण आणि शेवटचं वजन मराठीत लिहिलेलं हवं. डॉक्टर बदलला तरी पुढचा त्यावरून काम चालवू शकेल.

या जिल्ह्याची सुरुवात एका गोष्टीपासून व्हावी, कारण ती करायला नवा कायदा, नवी इमारत किंवा दिल्लीची परवानगी लागत नाही. जिल्हा परिषदेने आणि सहाही महापालिकांनी आपल्या प्रत्येक दवाखान्याच्या दारावर, आणि संकेतस्थळावरही, दर महिन्याला एक तक्ता लावावा: फिटची कोणती औषधं इथे आहेत, मुलांचं सिरप आहे का, गेल्या महिन्यात ते किती दिवस संपलेलं होतं. तो तक्ता वाचून मुरबाडची आई एसटीत बसायच्या आधी ठरवू शकेल. आणि जिथे तो आकडा दर महिन्याला वाढलेला दिसेल, तिथल्या नगरसेवकाला किंवा जिल्हा परिषद सदस्याला जाब विचारायला आपल्याकडे छापील कागद असेल.